माहीत नाही सर

त्या माणसावर नीट बसून रागवायचं मी किती वेळा ठरवलं, पण जमतच नाही. सुरुवात रागानं होते आणि मध्येच रडू फुटतं, मग मी स्वतःवरच चिडते. मी शाळेत शिकवते, आणि माझं तोंड तसं आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत प्रसिद्ध आहे. साहेबांपासून ते खिचडी शिजवणाऱ्या बाईपर्यंत कोणालाच मी सोडत नाही. सरांनाही भरपूर ऐकवलं. उपयोग काय झाला म्हणाल तर काही नाही.

ते पहिल्यांदा शाळेत आले ते डोक्यात हेल्मेट घालून. आता मोपेडवर माणूस हेल्मेट घालतो, त्यात काय विशेष? पण यांनी मोपेड झाडाखाली लावली, पिशवी काढली, ऑफिसात येऊन खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, माझ्याशी बोलले, तरी हेल्मेट डोक्यावर ते डोक्यावरच. शेवटी मी म्हटलं, "सर, ते काढून ठेवा ना." तर म्हणाले, "मॅडम, डोकं फक्त गाडीवर असतानाच फुटतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मी वर पाहिलं. आमच्या ऑफिसच्या छताचं प्लास्टर खरंच सुटलेलं होतं. त्या दिवसापासून मीसुद्धा खुर्ची थोडी भिंतीकडे सरकवून बसायला लागले.

राज्य सरकारची तेव्हा एक योजना निघाली होती. निवृत्त प्राध्यापक, इंजिनियर, बँकेतून रिटायर झालेले, अशा लोकांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस खेड्यातल्या शाळेत जाऊन गणित आणि विज्ञान शिकवायचं. पगार नाही. पेट्रोलपुरतं काहीतरी मिळायचं, तेही आलं तर आलं. एक टोपी, एक पिशवी आणि गळ्यात घालायचं कार्ड. बहुतेक स्वयंसेवक गोंदिया-तिरोड्याच्या रस्त्यालगतच्या शाळा धरून बसले. हे मात्र चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडं, जंगलाला चिकटलेल्या आमच्या शाळेत आले. गोंदियाच्या कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. बायको वारलेली, मुलगा दूर कुठं नोकरीला. घरात हिंदी, बाजारात हिंदी, त्यामुळं मराठीत बोलता बोलता मध्येच हिंदीत घसरायचे. आमच्या पोरांची झाडीबोली त्यांना सुरुवातीला अर्धीच कळायची. कळली नाही की स्वच्छ सांगायचे, "नाही कळलं. पुन्हा बोल." शिक्षक माणूस असं म्हणतो का कधी?

पहिल्याच तासाला त्यांनी वर्गाला विचारलं, "तुमच्या गावच्या विहिरीत पाणी किती खोल आहे?"

झालं! पोट्टे उठून उठून ओरडायला लागले. "दहा हात!" "पंधरा!" "नाही जी सर, लय हाये, तीस हात!"

"कोणी मोजलं?"

पोट्टे एकमेकांकडं बघायला लागले. मग मागच्या कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "मले तं माहीत नाही जी."

सगळी पोरं हसली. सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा हेल्मेट काढलं, टेबलावर ठेवलं आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेले. "शाब्बास," म्हणाले, "या वर्गात एकच शहाणी निघाली. नाव काय तुझं?"

तिचं नाव पुनिता. तेव्हा सहावीत होती. बाप जंगलाच्या कामावर जायचा, थोडी धानाची बांधी, म्हणजे शेती, दुसऱ्याची करायचा. ही तोपर्यंत माझ्या वर्गात दोन वर्षं बसली होती आणि मी तिचा आवाज हजेरीपलीकडं ऐकला नव्हता. त्याच दुपारी सरांनी दोराला दगड बांधला आणि अख्खा वर्ग विहिरीवर नेला. एवढी पोरं विहिरीत वाकून बघताहेत म्हटल्यावर गावात ओरड झाली की कोणीतरी उडी घातली. बाया धावत आल्या, सरपंच धावत आले. सरांनी त्यांना काठावरूनच सांगितलं, "शांत रहा, मोजणी चालू आहे." पाणी कोणाच्याच आकड्याएवढं निघालं नाही.

त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी पोरांच्या हाडात मुरवला. पाहिलं असेल, मोजलं असेल, करून बघितलं असेल, तर बोला. नसेल तर "माहीत नाही" म्हणा. ठोकून द्यायचं नाही. त्यांच्या चाचणीत "माहीत नाही" लिहिलं तर अर्धा मार्क मिळायचा आणि ठोकलेल्या उत्तराचा एक मार्क कापला जायचा. उत्तर बरोबर आलं तरी ते विचारायचे, "कसं कळलं?" सांगता आलं नाही की गेला मार्क. मी म्हटलं, "सर, बरोबर उत्तराचे मार्क कापणारा तुम्ही जगातले पहिलेच." ते म्हणाले, "पहिला आहे का, माहीत नाही." आता बोला! गावानं त्यांचं नावच ठेवलं, माहीत नाही सर. त्यांना ते कळलं तेव्हा ते इतके खूश झाले की मला लाज वाटली, कारण मीही पाठीमागं तेच म्हणत होते.

दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. बाहेरगावी दिलेल्या लेकी येतात, दंडारीचं नाटक रंगतं, पाहुण्यांना स्टेजवर बसवून हारतुरे घालतात. त्या वर्षी सरांनाही बसवलं. प्रत्येक पाहुण्यानं गावाची प्रगती, गावाची एकी, असं लांबण लावलं. सरांच्या हातात माईक आला. ते म्हणाले, "या गावाची प्रगती झाली की नाही, मला माहीत नाही. मी मोजली नाही." आणि बसले. सरपंचाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मागं बसलेली आमची पोरं मात्र टाळ्या वाजवत सुटली.

शिक्षण खात्याचे साहेब शाळेला भेट द्यायला आले तेव्हाही तेच. योजनेचा अहवाल वर पाठवायचा होता. साहेब म्हणाले, "सर, मुलांची प्रगती अंदाजे किती टक्के धरू?" सर म्हणाले, "माहीत नाही."

"अहो, काहीतरी आकडा द्या."

"मग 'काहीतरी' असंच लिहा."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं. नंतर मी सरांना झापलं की तुमचं काय जातं, तुम्ही उद्या घरी बसाल, ऐकून मला घ्यावं लागतं. ते म्हणाले, "सही बात है, मॅडम. सॉरी." पण आकडा काही दिला नाही.

घरोघरच्या तक्रारी यायच्या त्या वेगळ्याच. एक आई कंबरेवर हात ठेवून वर्गाच्या दारात उभी राहिली. "मॅडम, हे का शिकवून राहिले जी तुमी? पोट्ट्याले म्हटली, भात शिजला का पाह्य, तं म्हंते माहीत नाही. मंग शिताले दाबून पाह्यते, एक वरचा, एक बुडाचा. तवापर्यंत माझा भात लागला ना बुडाले!"

हसायचे दिवस होते ते. पण खोटं कशाला बोलू, वर्ग खरंच बदलत होता. जी पोरं साहेब आले की भिंतीला चिकटायची, ती आता त्यांना उलट विचारायची, "कसा कळला जी तुमाले?" आणि पुनिता तर वेगळीच निघाली. तिनं तलावाच्या काठाला खुंट्या ठोकल्या आणि पाणी किती उतरलं ते रोज शाळेत येताना बघायची. कालव्याला पाणी कधी सोडलं, ते गावाच्या आधी तिला कळायचं. सर तिच्याशी मोठ्या माणसासारखे बोलायचे. कधी कधी दोघं बाकावर बसून एखाद्या गोष्टीवर दुपारभर डोकं चालवत आणि शेवटी दोघंही आनंदानं म्हणत, "नाही कळला." मला वाटायचं, या पोरीचं काहीतरी होणार. मनापासून वाटायचं.

आमची शाळा आठवीपर्यंत. पुढं नववीला जायचं तर जंगलातल्या रस्त्यानं लांब जावं लागतं, एसटी येते तर येते, आणि पोरी तिथंच गळतात. पण योजनेतल्या मुलींसाठी नागपूरकडं एक निवासी शाळा होती, विज्ञानाची, राहणं-जेवण सगळं सरकारचं. आठवीच्या शेवटी तिची प्रवेश परीक्षा. सरांनी पुनितासाठी ती हेरून ठेवली होती. पुनितालाही तेच हवं होतं. तिथं मोठी दुर्बीण आहे असं सरांनी सांगितल्यापासून ती पोरगी हवेतच होती.

ती आठवीत आली आणि नेमका त्याच वर्षी मोहाच्या दिवसांत तो प्रकार झाला.

मोहाची फुलं पडायला लागली की आमचं गाव पहाटेच जंगलात असतं. फुलं वेचली तर त्या दिवशीची, नाही वेचली तर चितळं आणि डुकरं खाऊन जातात. एका सकाळी पुनिता टोपली घेऊन पुढं चालली होती आणि नाल्यापाशी झुडपातून मोठं जनावर पलीकडं गेलं. ती ओरडली, सगळे गोळा झाले. बातमी वनखात्याच्या गार्डसाहेबांपर्यंत पोहोचली. आता वाघ आहे म्हटलं तर वनखातं ती वाट बंद करणार हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मग काय, सगळं गाव एका सुरात, "वाघ नोहोय जी साहेब, रानगवा होता." ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं तेसुद्धा रानगवा सांगत होते. गार्डनं शेवटी पुनिताला विचारलं, "बाई, तू पाहिलंस ना? काय होतं?"

पुनिता म्हणाली, "पाठ दिसली साहेब. तोंड नाही दिसला. वाघ होता का गवा होता, मले माहीत नाही."

गार्डनं वाट बंद केली. त्याचं तरी काय चुकलं? पण मोहाचे चांगले दिवस गेले आणि गाव त्या पोरीवर उलटलं. घरी काय झालं असेल ते मी तिच्या सुजलेल्या डोळ्यांवरून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. तसा गरीब, खाली मान घालून जाणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज तलावापर्यंत गेला असेल. "सर, का शिकवून राहिले तुमी माझ्या पोरीले? सारा गाव म्हंते गवा होता, अन् हे एकटी म्हंते माहीत नाही! मोह का तुमी वेचून देनार हाव? बस झाला आता शिकना. आठवी होऊ द्या, मंग घरीच बसवतो तिले."

पुनिता व्हरांड्यात खांबाला धरून उभी होती. सरांनी हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. मला वाटलं आता हे "माहीत नाही" म्हणणार आणि सगळं संपणार. पण ते म्हणाले, "तुमची मुलगी निवासी शाळेच्या परीक्षेत पास होणार."

"नक्की?" बापानं विचारलं.

"नक्की."

मी थक्क होऊन त्यांच्याकडं बघितलं. एवढ्या दिवसांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. बाप जरा थांबला, पोरीकडं बघितलं आणि म्हणाला, "ठीक हाये. तुमी एवढे शिकलेले हाव, तुमी म्हंता तं असंल. पास झाली तं जाऊ दीन, कोनाचाच ऐकनार नाही. पन नाही झाली, तं मंग मले काही सांगाले येऊ नोका."

तो गेल्यावर मी सरांना विचारलं, "सर, नक्की कसं सांगितलंत?"

त्यांचा शर्ट घामानं भिजला होता. म्हणाले, "उस वक्त और क्या बोलता, मॅडम?"

त्यानंतर ते रोज यायला लागले. आठवड्याचे दिवस वगैरे काही राहिलं नाही. पुनिता आणि सर, सर आणि पुनिता. परीक्षा गोल काळे करायची होती. चार पर्याय, एक गोल. चुकलं तर मार्क कापणार नव्हते. मी ते नियम वाचले आणि धावत त्यांच्याकडं गेले. "सर, चुकलं काय आणि कोरं ठेवलं काय, इथं सारखंच आहे. पोरीला सांगा, येत नसलं तरी भरायचं. चारातला एखादा लागतोच."

"ते ठोकणं झालं."

"मग ठोकू द्या ना एक दिवस! आयुष्य आहे तिचं!"

त्यांनी नियमांचा कागद माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाले, "सांगतो."

परीक्षेच्या दिवशी तिरोड्याच्या केंद्रावर मी तिला माझ्या स्कूटीवरून नेलं. सर आधीच गेटवर उभे होते. त्यांनी तिला बाजूला नेलं. मी लांबून बघत होते. त्यांनी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण काही बोलले नाहीत. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आरामात लिही." एवढंच. मला इतका संताप आला! मी स्वतः जाऊन पोरीचे दोन्ही खांदे धरून सांगितलं, "पुनिता, एकही गोल कोरा सोडायचा नाही. कळलं? एकही नाही." तिनं मान हलवली.

पेपर सुटला तेव्हा कडाक्याचं ऊन होतं. ती बाहेर आली ती सरळ सरांकडं धावत, मी मध्ये उभी होते तरी मला ओलांडून. तोंड नुसतं फुललेलं. "सर, ज्याचा पक्का माहीत होता थेवढाच भरली. मॅडम सांगल्या होत्या सारे भर म्हून, पन मी नाही भरली. मनात येऊन राहिला होता भराव म्हून, तरी नाही भरली!"

शाबासकी मिळणार याची तिला खात्री होती. तीन वर्षं त्याच गोष्टीसाठी मिळाली होती.

सरांनी तिच्याकडं बघितलं. आणि मग ते म्हणाले, "शाब्बास, बेटा."

मी तिथून निघून स्कूटीपाशी जाऊन उभी राहिले. तिथं थांबले असते तर भर रस्त्यात किंचाळले असते. आज विचार करते तेव्हा वाटतं, ते तरी दुसरं काय म्हणणार होते?

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. तिनं भरलेलं एकही उत्तर चुकलं नव्हतं, एकही नाही. थोडक्यात राहिली. तिरोड्याच्या एका मुलीनं आम्हाला हसत हसत सांगितलं की मागचं अख्खं पान तिनं डोळे मिटून भरलं, आणि तिचं नाव यादीत होतं. तिचा काय दोष? तिला कोणी सर भेटले नव्हते.

सर गोंदियाला योजनेच्या ऑफिसात गेले. मीही सोबत होते. साहेबासमोर हात जोडून उभा राहिलेला तो माणूस मला बघवत नव्हता. "तिची तोंडी परीक्षा घ्या. समोर बसवून काहीही विचारा. ही मुलगी खोटं लिहीत नाही, बस इतनी सी बात है." साहेब चांगले होते बिचारे. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, पटतं हो मला. पण तशी तरतूद नाही. कोरा गोल म्हणजे आमच्याकडं चूकच धरतात." बाहेर आल्यावर सर पायरीवर बसून राहिले. हेल्मेट आतच राहिलं होतं. मी ते आणून त्यांच्या हातात दिलं, तर ते हातातच धरून बसले.

मग आम्ही पुनिताच्या घरी गेलो. बाप भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं आणि समोर उकिडवा बसला. "मी शब्द राखलो असतो सर," तो म्हणाला. "तिरोड्याच्या बजारात बॅग बी पाहून आलो होतो तिच्यासाठी. तुमी नक्की म्हटले होते."

सर म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"मंग तवा काऊन नाही म्हटले तसा? साऱ्या जगाले म्हंता."

पुनिता चहा घेऊन आली. सरांनी मान वर केली नाही. ती तशीच उभी राहिली आणि हळूच विचारलं, "सर, मी चुकीचा तं काही केली नाही ना?"

"नाही, बेटा. तू काही चुकीचं केलं नाही."

नंतर मी आश्रमशाळेचं बोलून बघितलं, दुसऱ्या वसतिगृहाचं बोलून बघितलं. बाप ऐकायला तयार नव्हता. पोरीची आईही त्याच साली अंथरुणाला लागली. झालं. पुनिता घरी बसली.

सर पुढच्या सत्रात आलेच नाहीत. तशी पुढं योजनाच गुंडाळली. फारसा परिणाम दिसला नाही, असं वरून कळलं. कशावरून दिसला नाही, कोणी मोजलं, हे विचारायला कोणी उरलं नव्हतं. आमच्या पोरांची सवयही हळूहळू गेली. परवा साहेबांनी विहिरीचंच काहीतरी विचारलं, तर वर्ग पुन्हा ओरडला, "दहा हात! तीस हात!" साहेब खूश झाले, म्हणाले, मुलं किती धीट आहेत. मी फळा पुसत राहिले.

मागच्या हिवाळ्यात गोंदियाला गेले होते तेव्हा सरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. टीव्ही चालू होता आणि ते समोर बसले होते. मला ओळखलं, "आओ आओ" केलं. पण माणूस विझलेला. शेजारचे एक गृहस्थ येऊन बसले आणि नुसत्या गप्पा हाणायला लागले. ग्रहणात शिजलेलं अन्न विषारी होतं म्हणाले. मी सरांकडं बघितलं. आता हे उसळणार, आता विचारणार, तुम्ही तपासलं का? सर म्हणाले, "हां, होता होगा." ते गृहस्थ म्हणाले, यंदा पाऊस बक्कळ येणार. सर म्हणाले, "हां, आएगा." मला राहवलं नाही. मी मुद्दाम म्हटलं, "सर, आमच्या गावात अमावस्येला पुरा चंद्र दिसला." ते माझ्याकडं बघून गोड हसले आणि म्हणाले, "दिसला असेल, मॅडम."

मी उठले. रस्त्यावर येऊन रडले. पुनिताचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

यंदा रोवणी सुरू होती तेव्हाची गोष्ट. शाळा सुटल्यावर स्कूटीवरून येत होते. बांधीत बाया ओळीनं वाकून धान रोवत होत्या. त्यातून एक जण हात हलवत माझ्याकडं येऊ लागली. पुनिता! गुडघ्यापर्यंत चिखल, कंबरेला पदर खोचलेला. पोरगी एवढ्यातच बाई दिसायला लागली होती. शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून हसली.

"मॅडम, एक पुसू का? लय दिवसाचा डोक्यात हाये."

"विचार ना."

"थ्या परीक्षेत एक सवाल होता. नदीतली नाव समुद्रात गेली तं पान्यात जास्त बुडते का वर येते? खरा का हाये जी त्याचा?"

"वर येते," मी म्हटलं. "समुद्राचं पाणी खारं असतं ना, म्हणून."

तिचे डोळे चमकले. "मंग मले आला होता! सर मिठाच्या पान्यात अंडा तरंगवून दाखवले होते, तवापासून मले वाटे का नाव वरच येत असंल. पन समुद्र मी कोठी पाह्यली? म्हून सोडली. अन् खाली थो बर्फाचा होता, आगगाडीचा होता, थे बी असेच सोडली." तिनं एकामागून एक मला ते सगळे प्रश्न सांगितले आणि आपल्या मनातली उत्तरंही सांगितली. मी ऐकत गेले. एकही चूक नव्हतं. तिच्याकडं बघवेना म्हणून मी बांधीकडं बघत राहिले.

"सारे बरोबर हाये का मॅडम?"

"हो गं. सगळे बरोबर."

किती आनंद झाला त्या पोरीला! चिखलाचे हात एकमेकांवर घासत नुसती हसत होती. पलीकडून बायांनी हाक मारली, तशी ती परत फिरली. दोन पावलं गेली आणि मागं वळून ओरडली, "सर भेटले तं सांगजा मॅडम, पुनिताले सारा आला होता म्हून! लय खूश होतील थे!"

"सांगते," मी म्हटलं.

ती बांधीत उतरली आणि ओळीत वाकली. मला गाडी सुरू करायला वेळ लागला. आता तुम्हीच सांगा, हे मी त्या माणसाला कोणत्या तोंडानं जाऊन सांगू?